बावीसपैकी बावीस

५ जानेवारी २०१७, गुरुवार. किचनर, कॅनडा

नव्या उद्योजकता योजनेचा प्रमुख ग्रेग याने आज प्रशिक्षणात आम्हा एकतीस शिक्षकांना एकेक निळी वही दिली. दर आठवड्याला वर्गात काय घडलं, आपण काय शिकलो हे तिच्यात लिहायचं आणि टर्म संपली की योजनेच्या ऑफिसात जमा करायची. ती मी इंग्रजीत लिहिणार. पहिलं वाक्य लिहूनही झालं: प्रशिक्षण अतिशय प्रेरणादायी होतं. मग वाटलं, खरं काय वाटतं तेही कुठेतरी उतरवायला हवं. म्हणून माझ्या मुलीच्या, जाईच्या, जुन्या गणिताच्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे.

खरं असं, की मला भीती वाटते आहे.

विद्यापीठाने ठरवलं आहे की उद्योजकता ही फक्त बिझनेस आणि इंजिनियरिंगच्या मुलांनी शिकायची गोष्ट नाही. संगीत, नर्सिंग, तत्त्वज्ञान, भूगोल, प्रत्येक शाखेच्या निदान एका विषयात ती आली पाहिजे. मुलांनी खऱ्या माणसांची खरी अडचण शोधायची, तिच्यावर काहीतरी बनवायचं, त्या माणसांना दाखवायचं, सुधारायचं. मार्चअखेरीस प्रदर्शन आणि परीक्षक. माझा विषय ‘शहरातलं चालणं’. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाची मुलं पायी फिरतात आणि नकाशे काढतात, एवढंच त्यात आहे. सात वर्षं शिकवते आहे, दर टर्मला नव्या करारावर सही करून.

आमच्या विभागप्रमुख हेलन यांनी नाताळाआधी स्पष्टच सांगितलं. मुलं कमी झाली आहेत. योजनेत गेलीस तर विषय या टर्मपुरता वाचेल. परीक्षकांनी निवडला तर तीन वर्षांचा करार. नाही निवडला, तर सप्टेंबरपासून बंद.

माझ्याकडे दुसरा विषय नाही.

निघताना प्रशिक्षण कसं वाटलं याचा फॉर्म होता. मी पाचपैकी पाचवर खूण केली. ग्रेग दारातच उभा होता, गोळा करायला.

आईंनी डब्यात मेथीचे लाडू दिले होते. सासूबाईंना मी आई म्हणते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्या मेथीच्या लाडवाला ‘छान झालाय’ म्हटलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली. नागपूरहून इथे राहायला आल्यापासून, म्हणजे सहा हिवाळे, दर आठवड्याला माझ्या डब्यात दोन असतातच. मला कडू अजिबात चालत नाही. माझ्याच खोलीत बसणारा तत्त्वज्ञानाचा हॉवर्ड मात्र काळ्या कॉफीबरोबर ते मिटक्या मारत खातो. कोणाचंच नुकसान नाही.

९ जानेवारी, सोमवार

पहिला तास. चोवीस मुलं. गट पाडले. एका गटात दोघीच उरल्या. क्लोई सडबरीची, खाणीत काम करणाऱ्या घरातली. बोलते कमी, बघते फार. यामिनी जळगावची, दीड वर्षापूर्वी आलेली. शनिवार-रविवार कॉफीच्या दुकानात काम करते आणि इथल्या थंडीला रोज नवीन शिवी देते. दोघींनी प्रश्न निवडला: म्हातारी माणसं हिवाळ्यात घराबाहेर का पडत नाहीत?

उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. बर्फावर घसरून पडण्याची भीती. मलाही तेच वाटतं. आईसुद्धा डिसेंबर ते मार्च ज्येष्ठांचा गुरुवारचा कट्टा सोडला तर कुठे जात नाहीत. सगळं मिळतंय मला घरात, काय करू बाहेर जाऊन, म्हणतात.

१४ जानेवारी, शनिवार

मराठी मंडळाची संक्रांत. मोहनरावांशी बोलून ठेवलं. ते कट्ट्याचे व्यवस्थापक. दर गुरुवारी अकरा ते एक, कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये आपली वीस-बावीस ज्येष्ठ मंडळी जमतात. मोहनराव म्हणाले, मुलींना खुशाल पाठव, आमच्याकडे प्रश्न विचारायला येतंय कोण?

लताताईंनी तिळगूळ देताना माझा हात धरून ठेवला. त्या आईंच्या इथल्या सगळ्यात जवळच्या मैत्रीण. धाकट्या मुलीकडे राहतात, थोरली कॅलगरीला असते. म्हणाल्या, तुझी सासू फार गोड आहे गं, कशाची म्हणून तक्रार नाही. मी म्हटलं, हो, भाग्यच आमचं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज इतका आनंद झाला आहे की दोन्ही वह्यांत एकच गोष्ट लिहिणार आहे.

पोरींनी एक काठी बनवली आहे. बुटाखाली चढवायचे रबरी काटे इथे कुठल्याही दुकानात मिळतात, पण ते चढवायला वाकावं लागतं, आणि या वयात वाकणंच कठीण. काठीच्या टोकाला चिमटा आहे. त्यात काटे अडकवायचे, पाय सरकवायचा, ओढायचं. न वाकता काम होतं. विद्यापीठाच्या थ्री-डी प्रिंटरवर आठ काठ्या तयार केल्या आणि आज कट्ट्यावर नेल्या.

यामिनीने गेल्या गेल्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला. अर्धा कट्टा तिथेच जिंकला. मग क्लोईने खुर्चीत बसून काठी वापरून दाखवली आणि यामिनीने एकेकाला मराठीत विचारलं, आजी, हे तुम्हाला वापरता येईल का? काका, तुम्हाला आवडलं का?

"भल्लं छान केलं गं पोरी," आई म्हणाल्या.

"किती तो विचार केलाय," लताताई म्हणाल्या. "जेवलीस का तू?"

मोहनरावांनी तर पेटंट घ्यायचा सल्ला दिला. बावीस जणांनी फॉर्म भरले. आवडलं का, हो. वापराल का, हो. विकत घ्याल का, हो. बावीसपैकी बावीस. सूचनांच्या रकान्यात ‘मुली गुणी आहेत’, ‘देव भलं करो’, आणि एकाने ‘गोऱ्या मुलीचं जाकीट पातळ आहे, तिला जाड घ्यायला सांगा’. दोघींना चिवडा बांधून दिला. आठही काठ्या मंडळींकडे ठेवल्या, एक आमच्या घरी आली.

ग्रेगला लगेच कळवलं. तो म्हणाला, पंधरा वर्षं या धंद्यात आहे, बावीसपैकी बावीस कधी पाहिले नाहीत.

७ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई काठीच्या चिमट्याने वरच्या फळीवरची गोड्या मसाल्याची बरणी पुढे ओढत होत्या. जाई ओट्याला टेकून बघत होती. "आजी इज सो क्रिएटिव्ह," म्हणाली. माझ्या नवऱ्याने, जयदीपने, त्याच काठीने पडद्याची अडकलेली कडी सोडवली. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. निळ्या वहीत लिहिलं: वस्तू इतकी उपयुक्त ठरते आहे की ज्येष्ठ मंडळी ती घरातही वापरत आहेत.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

काल चांगलाच बर्फ झाला. सकाळी जयदीप आणि मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, मग मी आईंना कट्ट्यावर सोडलं. क्लोई तिथे आधीच आलेली होती, एकटीच. यामिनीला परीक्षा होती. आत न जाता ती बुटांच्या रॅकसमोर बाकड्यावर बसली होती. मला वाटलं, लाजते आहे.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, एकवीस जोड बूट होते. काटे एकाही बुटाला नाहीत. आणि दार ते बसस्टॉप हा रस्ता तिने तासभर पाहिला, त्यावरून कोणीच चालत आलं नाही. सगळ्यांना कोणीतरी गाडीने सोडलं.

मी म्हटलं, नवीन वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.

 ती म्हणाली, "माझ्या आजीला हे दाखवलं असतं, तर तिने कोट काढायच्या आत चार चुका काढल्या असत्या. इथे बावीस माणसांनी मिळून एकही काढली नाही. ते नुसतं आमचं मन राखत होते का?"

मी जरा कोरडेपणानेच सांगितलं की आमची माणसं मनमोकळी असतात, आवडलं तर आवडलं म्हणतात. ती ‘ओके’ म्हणून गेली. तिचं जाकीट खरंच पातळ आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉवर्ड लाडू खाता खाता म्हणाला, "सासूबाईंना सांग, या वेळचे जास्त कडू आहेत. उत्तम." मी नेहमीप्रमाणे हसले. आणि हसता हसता थांबले.

बावीसपैकी बावीस. त्यातली एक माझ्यासारखीच असेल, असं गृहीत धरलं तरी ते एकवीस होतात. पण बावीसही माझ्यासारखेच असतील तर?

लेकरं इतक्या थंडीत दोन बस बदलून आली, वाकून नमस्कार केला, स्वतःच्या हाताने काही करून आणलं. त्यांना तोंडावर ‘नाही’ कोण म्हणणार? मी तरी म्हटलं असतं का? आम्ही घरोघरी हेच शिकलो. पाहुण्याने केलेल्या भाजीला नावं ठेवायची नाहीत. हे मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. आणि तरीही मी ते फॉर्म गठ्ठा करून ग्रेगकडे पाठवले, कारण मला हवं ते त्यांच्यावर लिहिलेलं होतं.

क्लोईला मेल करून माफी मागितली. दुपारी दोघी आल्या. आता विचारायचं कसं, हा प्रश्न होता. क्लोई म्हणाली नावं नको लिहायला, फॉर्म बंद पेटीत टाकू. यामिनी हसली. म्हणाली, "मॅम, बंद पेटीतही ते छानच लिहितील. माझी आत्या स्वतःच्या गुडघ्याबद्दल मेली तरी बोलणार नाही. शेजारणीच्या गुडघ्याबद्दल विचारा, तासभर सांगेल."

२३ फेब्रुवारी, गुरुवार

रीडिंग वीक, म्हणजे वर्गांना सुट्टी आहे, पण पोरी आल्या. काठीचा विषयच काढला नाही. यामिनीने चहाचे कप भरता भरता सहज विचारलं, आज जे आले नाहीत ते का आले नसतील? तुमच्या ओळखीत असं कोणी आहे का, जे हिवाळ्यात घराबाहेर पडतच नाही?

सुरुवातीला थंडी, पाठ, नातवंडं. मग कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या की त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंना दर पाऊण तासाने जावं लागतं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. सगळ्या बायकांच्या माना एकदम हलल्या, आणि मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. एकीची जाऊ. एकीची विहीण. एकीची शेजारीण, जी बस येण्याआधी दोनदा जाऊन येते आणि तरी तिसऱ्या स्टॉपवर उतरते. कॉफीच्या दुकानात वॉशरूमच्या दाराचा कोड पावतीवर असतो, म्हणून नको असलेला चहा घ्यायचा, आणि तो चहा प्याला की पुन्हा तेच. वॉशरूम सापडली तरी आत कोट अडकवायला हूक नाही. ओल्या फरशीवर साडी, थर्मल, कोट, पर्स आणि दोन हात. नळ लांब, बाटली भरणार कुठे? डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या सगळ्या.

मोहनराव खाकरले. "माझा एक मित्र आहे," ते म्हणाले, "त्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून..."

"मित्र आज निळा स्वेटर घालून आलाय का?" लताताईंनी विचारलं.

मोहनरावांनी आपल्या निळ्या स्वेटरकडे पाहिलं आणि तेही हसायला लागले.

क्लोईला मराठी एक अक्षर कळत नव्हतं. यामिनी भराभर सांगत होती आणि ती भराभर लिहीत होती. शेवटी तिने वहीत एकच वाक्य अधोरेखित केलं. मी डोकावून पाहिलं. ‘बर्फ नाही.’

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आई आणि मी मेथी निवडत होतो. म्हटलं यामिनीची युक्ती घरीही करून बघू. विचारलं, लताताईंनाही असा त्रास आहे का हो?

आई म्हणाल्या, आहे न. भल्ला त्रास आहे बिचारीला. गुरुवारी सकाळी ती पाणी पीतच नाही. औषधाची गोळीसुद्धा दोन घोटांत. घरी परत येईपर्यंत ओठ सुकतात, डोकं दुखतं. मुलीला सांगत नाही, कारण मुलगी कामाची, तिला घोर कशाला? पूर्वी तिला चालायची हौस होती. नागपूरला... म्हणजे तिच्या गावाला रोज तलावापर्यंत जाऊन यायची.

बिचाऱ्या लताताई. वरून किती हसऱ्या दिसतात. त्यांच्या मुलीशी बोलायला हवं.

२ मार्च, गुरुवार

कट्ट्यावरून आईंना आणायला गेले तेव्हा लताताई एकट्या भेटल्या. मी हळूच म्हटलं, पाणी न पिणं चांगलं नाही हो, डॉक्टरांना दाखवा.

 लताताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उल्का," त्या म्हणाल्या, "मी दिवसाला आठ ग्लास पाणी पिते. तुझ्या सासूबाई नाही पीत."

गाडीत आई मागे बसल्या होत्या. आरशात त्यांचे ओठ दिसत होते. त्या म्हणाल्या, आज मस्त झाला कट्टा.

सहा हिवाळे.

४ मार्च, शनिवार

आईंना काही बोलले नाही. बोलले असते तर त्या म्हणाल्या असत्या, छे गं, मला काय धाड भरली आहे? त्याऐवजी क्लोईला फोन केला. तिचा गट आता नकाशा काढतो आहे. पायी फिरायच्या अशा वाटा, ज्यांच्यावर दर दहा मिनिटांना एक वॉशरूम आहे. काही विकत न घेता जाता येईल अशी. दहा मिनिटं म्हणजे क्लोईची दहा मिनिटं नव्हेत. म्हणून तिने आईंना विनंती केली, की आमच्यासाठी चालाल का, आम्हाला तुमचा वेग मोजायचा आहे.

मदत मागितल्यावर आई नाही म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं. या सवयीचा उपयोग मी पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने केला.

११ मार्च, शनिवार

तीन दिवस चालल्या. आई, क्लोई आणि एक स्टॉपवॉच. किंग स्ट्रीटवर ट्रामचं खोदकाम चालू आहे, तिथे वळसा घालावा लागतो. वाचनालय, कम्युनिटी सेंटर, एका चर्चचं तळघर, मोठं ग्रोसरी स्टोअर. आई प्रत्येक ठिकाणी आत जाऊन येतात आणि बाहेर येऊन क्लोईला खुणेने सांगतात. हूक आहे. पायऱ्या नाहीत. फरशी कोरडी. नळ जवळ. आईंनी नागपूरला तीस वर्षं गणित शिकवलं. काल त्यांनी क्लोईच्या नकाशाचं प्रमाण चुकल्याचं दाखवून दिलं आणि तिच्याकडून पुन्हा करून घेतलं. क्लोई म्हणाली, शेवटी एकदाची चूक निघाली.

घरी आल्यावर आई नळावर उभ्या राहून पाणी प्यायल्या. भरून दोन ग्लास.

२८ मार्च, मंगळवार. गुढीपाडवा

ग्रेग काल वर्गात आला होता. त्याला नकाशा आवडला, पण प्रदर्शनात काठीच न्या म्हणाला. काठी हातात धरता येते, विकता येते, आणि तिच्यामागे बावीसपैकी बावीस आहेत. नकाशात उद्योग कुठे आहे? पोरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ग्रेगच्या म्हणण्यातही तथ्य आहे, तुम्ही विचार करा. ही वही खरं लिहायची आहे म्हणून लिहिते. मी त्या वेळी तीन वर्षांच्या कराराचा विचार करत होते. क्लोईने मान खाली घातली आणि कट्ट्यावरून परत आणलेल्या काठ्या पिशवीत भरल्या.

आज पाडवा. डेकवर गुढी उभारली, वाऱ्याने दोनदा कलली. आई श्रीखंड वाढताना म्हणाल्या, जयदीप सांगत होता तुझ्या नोकरीचं. गुरुवारी काठीच दाखवा. वाटलं तर मी येते तिथे. सांगते न त्यांना, की मी रोज वापरते म्हणून.

मी वाटी हातात धरून बसून राहिले. जयदीप म्हणाला, अगं, गुठळी राहिली का?

माझ्यासाठी परीक्षकांसमोर उभं राहून, परक्या भाषेत, खोटं बोलायला तयार झाली होती ही बाई. आणि मी ते घेतलंही असतं, जसं बावीसपैकी बावीस घेतलं.

जेवण झाल्यावर दोघींना फोन केला. म्हटलं, काठी न्या, नकाशाही न्या. जे घडलं ते, घडलं त्या क्रमाने सांगा.

३० मार्च, गुरुवार

मोठा हॉल, पन्नासेक टेबलं. संगीतवाल्यांनी दुखऱ्या मनगटांसाठी व्हायोलिनची पट्टी केली होती, नर्सिंगवाल्यांनी बोलणारी औषधाची डबी. आमच्या टेबलावर एक काठी आणि घडी घातलेले साठ नकाशे. आई आल्या होत्या, पण काही बोलायला नाही. त्या खुर्चीत बसून नकाशांच्या घड्या सारख्या करत होत्या.

तीन परीक्षक. क्लोईने काठी वर केली. "बावीसपैकी बावीस जणांना ही आवडली," ती म्हणाली. "खरा आकडा शून्य होता. आम्ही चुकीचं विचारत होतो." मग यामिनीने कट्ट्याची गोष्ट सांगितली. निळ्या स्वेटरची गोष्टही सांगितली, नाव न घेता.

एका परीक्षकाने विचारलं, याचे पैसे कोण देणार? यामिनी म्हणाली, माहीत नाही, बहुधा कोणीच नाही. त्याने लिहून घेतलं. ग्रेग मागे हाताची घडी घालून उभा होता.

बक्षीस औषधाच्या डबीला मिळालं. मिळायलाच हवं होतं, चांगली आहे डबी.

आवरताना क्लोईने मला बोलावलं. टेबलावर ‘ज्यांना अधिक माहिती हवी त्यांनी नाव लिहा’ असा कागद ठेवला होता. त्यावर एकही नाव नव्हतं. आणि साठ नकाशांपैकी नऊ उरले होते. कोणी घेताना दिसलं नव्हतं. आईंना मात्र दिसलं होतं. त्या मला हळूच म्हणाल्या, तो मघाचा साहेब होता न, पैशांचं विचारणारा? त्याने दोन नेले. एक खिशात, एक पाकिटात.

६ एप्रिल, गुरुवार

निवड झालेल्या विषयांची यादी आली. माझा नाही. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, पण वाटलंच.

टर्मअखेरचा फॉर्म भरायचा होता. योजना कशी वाटली, पाचपैकी. मी तीनवर खूण केली आणि खाली इंग्रजीत लिहिलं की तुम्ही मुलांना लोकांकडे पाठवता, पण विचारावं कसं हे शिकवत नाही. माझ्या वर्गात ते एका जळगावच्या मुलीने शिकवलं. आणि फॉर्म गोळा करताना दारात उभं राहू नका. निळ्या वहीऐवजी या वहीतला बराच भाग भाषांतर करून दिला. लाडवांचा वगळला.

१३ एप्रिल, गुरुवार

ग्रेग आमच्या खोलीत आला. हॉवर्ड उठून बाहेर गेला, जाताना डबा घेऊन. ग्रेगच्या हातात माझा फॉर्म होता. म्हणाला, एकतीस फॉर्म आले, तीस जणांनी पाचपैकी पाच दिले आहेत. मग माझाच फॉर्म पुन्हा वाचू लागला. मला त्याची दया आली. ते तीस हातात धरून त्याला काय वाटलं असेल ते मला नेमकं माहीत होतं.

तो हेलनशी बोलला आहे. तीन वर्षांचा करार त्याच्या हातात नाही. पण विषय आणखी एक वर्ष राहील, आणि सप्टेंबरमध्ये बाकीच्या तीस शिक्षकांना ‘विचारायचं कसं’ यावर पहिले दोन दिवस मी शिकवायचं. यामिनीला मदतनीस म्हणून घ्यायचं, तिला कॉफीच्या दुकानापेक्षा ते बरं. मी हो म्हटलं. मनापासूनचं हो होतं, तपासून पाहिलं.

२१ एप्रिल, शुक्रवार

बर्फ गेला. आई आता रोज बाहेर पडतात, कधी लताताईंबरोबर, कधी एकट्याच. काल वाचनालयाच्या वाटेवर गेल्या होत्या. दोन तासांनी आल्या, गाल लाल झालेले.

आज सकाळी डबा भरताना मला दोन डबे दिसले. एक मोठा, मेथीच्या लाडवांचा. त्यावर पट्टी चिकटवलेली, आईंच्या वळणदार इंग्रजीत: हॉवर्ड.

मी पट्टी पुन्हा वाचली.

आई गॅसकडे तोंड करून चहा ढवळत होत्या. म्हणाल्या, काल वाचनालयात एक गोरे गृहस्थ भेटले. माझी साडी पाहून थांबले, उल्काच्या सासूबाई का म्हणाले. सहा वर्षांचे आभार मानले त्यांनी. हात जोडून.

 दुसरा डबा रिकामा होता, झाकण उघडं.

"लताताईंच्या सुनेला म्हणे मेथीचे लाडू आवडत नाहीत," आई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "कधी बोलली नाही बिचारी. मग तिला काय आवडत असेल गं?"

लताताईंना सून नाही. दोन मुलीच आहेत.

"तिला खारं आवडतं," मी म्हटलं. "कडबोळी. पण तिच्या सासूबाईंचे हात दुखत असतील, तर नकोत."

"तिच्या सासूचे हात बरे आहेत," आई म्हणाल्या. "लाडू वळून दुखत होते."